पाहुणे जाईपर्यंत

माझ्या थोरल्या दिरांनी नदी साफ करायचं मनावर घेतलं, तेव्हा मला पहिल्यांदा कीव आली ती नदीची. हा माणूस जे मनावर घेतो त्याचं पुढे काय होतं ते मी लग्न झाल्यापासून बघते आहे. इमारतीची गच्ची मनावर घेतली, तिला आता कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे ते कोणी सांगत नाही. लिफ्ट मनावर घेतली, ती दुसऱ्या मजल्यावर थांबायची बंद झाली. आता नदीची पाळी होती.

भाऊजींनी उभा जन्म बाथरूमच्या टाइल्स विकण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर त्यांना घरात बसवेना, आणि जाऊबाईंना ते घरात बसलेले बघवेनात, म्हणून ते समाजात गेले. सोसायटीचे अध्यक्ष झाले. गळ्यात शिट्टी आली. आजूबाजूच्या इमारतींमधले लोक जमवून त्यांनी नदीचं एक मंडळ काढलं, हिरवे टी-शर्ट छापून घेतले, आणि ज्यांना घरात कोणी 'अहो' म्हणून हाकही मारत नव्हतं अशी माणसं एकमेकांना 'सर' म्हणायला लागली. दर रविवारी ही सर मंडळी हातमोजे चढवून काठावर उतरायची, चार बाटल्या आणि एखादी चप्पल उचलायची, तिच्याभोवती उभं राहून फोटो काढायची आणि चहाला जायची. चहाचे कागदी कप कुठे जायचे ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं.

आम्ही तळमजल्यावर राहतो. मी, नवरा आणि सासूबाई. भाऊजी सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे वास पोचत नाही. आमच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की हातभर अंगण, मग एक बुटकी भिंत, आणि भिंतीपलीकडे थोडी सपाट जागा सोडून नदीचा उतार. त्या भिंतीच्या पायथ्याशी एक जाडजूड पाइप बाहेर येतो. कधीकाळी रस्त्याखालची मोठी गटारवाहिनी खचली, तेव्हा तात्पुरती सोय म्हणून इमारतीचं सगळं सांडपाणी या पाइपातून नदीत सोडलं. सगळं म्हणजे सगळं. सोसायटीच्या भाषेत त्याला पावसाळी पाइप म्हणतात. त्यातून बारा महिने पाऊस पडतो, सकाळी जास्त. दुरुस्तीचा विषय दर सभेत निघतो आणि दर सभेत भाऊजी तो 'योग्य वेळी घेऊ' म्हणून पुढे ढकलतात. थोडक्यात, सकाळी नदीत जे सोडायचं ते सोडून, साबणाने हात धुऊन, हीच मंडळी नदी वाचवायला खाली उतरायची. यात कोणालाही काही विचित्र वाटत नसे.

पण मी सांगते आहे ती गोष्ट नदीची नाही. नदी होती तशी आहे. गोष्ट सासूबाईंची आहे.

सासूबाई बस डेपोत तिकीटखिडकीवर होत्या. सासरे लवकर गेले, आणि त्या खिडकीमागे बसून त्यांनी दोन मुलं वाढवली. डेपोत बायकांसाठी संडास नव्हता. पुरुषांचा होता, त्याला कडी नव्हती. त्यावर तिथल्या बायकांनी काढलेला उपाय असा, की आदल्या संध्याकाळपासून पाणी तोंडाला लावायचं नाही. मग दिवसभर उठावं लागत नाही. सासूबाई हे आजही छाती पुढे काढून सांगतात. "एकदा खिडकीत बसले की सुटी होईपर्यंत हलत नव्हते. रांगेत कोणी म्हणून दाखवू दे, बाई जागेवर नाही." त्यांच्या किडन्यांनी ते सगळं निमूटपणे सोसलं आणि म्हातारपणी उट्टं काढलं. गेल्या वर्षी त्या दवाखान्यातून जेमतेम परत आल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गोळ्या एक वेळ चुकल्या तरी चालेल, पाणी चुकता कामा नये. परत अशा कोरड्या पडल्या तर मी जबाबदारी घेणार नाही.

तेव्हापासून माझा दिवस ग्लासावर चालतो. मी एका लॅबमध्ये काम करते. लोकांच्या लघवीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात माझा अर्धा दिवस जातो, त्यामुळे या विषयाची मला लाज राहिलेली नाही. सासूबाईंच्या पलंगाशेजारी भांड्याची खुर्ची आहे. त्यांना धरून तिच्यावर बसवणं, उठवणं, भांडं रिकामं करणं, रंग बघणं आणि रंगावरून पुढचा ग्लास ठरवणं, हे माझं काम. त्या कुरकुरतात, "मी काय झाड आहे का गं?" म्हणतात, पण पितात. नवरा शाळेची बस चालवतो, घरी आला की तोही एखादा ग्लास पाजतो. माझा नवरा चांगला माणूस आहे. त्याच्याबद्दल एवढंच सांगण्यासारखं आहे.

भाऊजी महिन्यातून एखाद वेळी खाली उतरायचे. उंबऱ्याच्या आत एक पाऊल, बाहेर एक. "काय आई, मजेत ना?" आई मजेत आहे असं कळलं की दोन्ही पावलं बाहेर. त्या एका वाक्यावर सासूबाई आठवडा काढायच्या. लेकाचं किती नाव झालंय, लोक त्याला सर म्हणतात, तो नदीसाठी किती झिजतो. मी भांडं घेऊन मोरीकडे जाता जाता ते ऐकायचे.

तर मंडळाला पालिकेच्या मोठ्या साहेबांची तारीख मिळाली. 'नदी गौरव सोहळा' असं नाव ठरलं. जागा ठरली आमच्या मागच्या भिंतीपलीकडची, कारण सगळ्या काठावर सपाट जागा तेवढीच. स्टेज कुठे, खुर्च्या कुठे, चहाचं टेबल कुठे, सगळं ठरल्यावर कोणाच्या तरी ध्यानात आलं की साहेबांच्या खुर्चीपासून पावसाळी पाइप हाताच्या अंतरावर आहे.

त्यासाठी भाऊजींच्या दिवाणखान्यात बैठक बसली. जाऊबाईंनी मला चहा करायला वर बोलावलं होतं, त्यामुळे मी हजर होते. मंडळाचे खजिनदार म्हणजे पलीकडच्या इमारतीतले दाताचे डॉक्टर. ते म्हणाले, "एकदाचा दुरुस्तच करून टाकू या का?" भाऊजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "योग्य वेळी." मग एका निवृत्त मुख्याध्यापकांनी बोळ्याची कल्पना मांडली. पाइपाच्या तोंडात बोळा, त्यावर बॅनर, काम झालं. बॅनरचा मजकूर आधीच छापून आला होता, 'नदी आपली आई'.

"पण बोळा घातला तर पाणी मागे चढेल," दाताचे डॉक्टर म्हणाले. "तळमजल्यावर यायचं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जणू मीच तळमजला होते.

"सोपं आहे," भाऊजी म्हणाले. "कोणी काही सोडायचंच नाही. संडास नाही, अंघोळ नाही, वॉशिंग मशीन नाही. पाहुणे जाईपर्यंत."

हे सगळ्यांना पसंत पडलं. नुसतं पसंत नाही, त्यांना भरून आलं. मुख्याध्यापक म्हणाले, याला म्हणतात लोकसहभाग. नदीच्या स्वच्छतेसाठी अख्ख्या इमारतीने पोट आवळून बसायचं आणि पाहुण्यांची पाठ वळली की सगळं तिच्याच अंगावर सोडायचं, यात लोकसहभाग कुठे आणि स्वच्छता कुठे हे विचारायला त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी शुद्धीवर नव्हतं. आणि मी चहा गाळत होते.

"भाऊजी, आईंचं काय?" एवढं मात्र मी विचारलं.

"आईचं काय? ती तर पलंगावरच असते." आणि त्यांनी कप पुढे केला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली. नदीच्या सन्मानार्थ सर्व रहिवाशांनी सहकार्य करावे, अशी सुरुवात होती. भाऊजी आईला सांगायला मुद्दाम खाली आले, आणि त्या दिवशी चक्क खुर्चीवर बसले. पालिकेचे साहेब येणार, वर्तमानपत्रात फोटो येणार, सगळी इमारत शब्द पाळणार, पाहुणे जाईपर्यंत संडासात पाणी नाही. सासूबाई एकेक शब्द गिळत होत्या. "माझ्याकडून काही कमी पडायचं नाही," त्या म्हणाल्या. भाऊजींनी त्यांच्या हातावर थोपटलं आणि ते गेले. मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, लेक आला म्हणून बोलल्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लॅबमधून आले तर सकाळी भरून ठेवलेला तांब्या तसाच होता. भांडं कोरडं होतं. मी ग्लास पुढे केला तर त्यांनी मान वळवली.

"आज नको."

"का नको?"

"उद्या त्याचा कार्यक्रम आहे. आजपासून सोडलं तर उद्या उठावं लागत नाही. मला माहीत आहे कसं करायचं ते. आयुष्यभर केलंय."

मला कळायला क्षणभर लागला. त्यांना सांगितलं, तुम्हाला नाही तो नियम. भांडं मी बादलीत रिकामं करीन, बादली झाकून ठेवीन, तुमच्या लेकाच्या पाइपात एक थेंब जाणार नाही. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. हात जोडले. आवाजही चढवला, खोटं कशाला बोलू. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. शेवटी म्हणाल्या, "तो अध्यक्ष आहे. सगळी इमारत पाळणार आणि त्याच्या आईनेच मोडायचं? उद्या लोक त्याला तोंडावर म्हणतील."

"मग त्यांनीच येऊन सांगितलं तर प्याल?"

"तो म्हणाला तर पिईन."

एवढंच हवं होतं. एक वाक्य. मी चढत वर गेले, लिफ्टची वाटही पाहिली नाही. भाऊजी आरशासमोर उभं राहून भाषण म्हणत होते आणि जाऊबाई त्यांच्या टी-शर्टला इस्त्री करत होत्या. मी सगळं सांगितलं. आईने पाणी सोडलंय, तुमचं ऐकतील, दोन मिनिटं खाली चला.

"आई ना, अशीच आहे पहिल्यापासून," ते कौतुकाने म्हणाले. "शिस्त म्हणजे शिस्त. हे भाषणात घ्यायला हवं."

"भाऊजी, किडन्या जातील त्यांच्या."

"अगं, येतो ना. हे एवढं संपवतो आणि येतो."

आले नाहीत. थोड्या वेळाने नवऱ्याच्या मोबाइलवर त्यांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. "आई, उद्या तुझ्या मुलाच्या आयुष्यातला मोठा दिवस आहे. आशीर्वाद असू दे." पाण्याचं नाव नाही. सासूबाईंनी ते चारदा लावायला सांगितलं. दर वेळी डोळे पुसले आणि दर वेळी ग्लास बाजूला सारला. मी नवऱ्याला म्हटलं, तू वर जा आणि त्याला कॉलर धरून खाली आण. तो गेला. परत आला तेव्हा त्याच्या अंगावर हिरवा टी-शर्ट होता. बॅनरची काठी धरायला माणूस कमी पडत होता म्हणे.

सकाळी कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे सुरू व्हायची वाट बघणं सुरू झालं. मागचं दार उघडं ठेवून मी सगळं बघत होते. काठावर हिरव्या टी-शर्टांची ही गर्दी. कचरा आदल्या दिवशीच गोळा करून काळ्या पिशव्यांत भरून ठेवला होता, कारण साहेबांसमोर वाकायला लागलं तर काहींना कमरेचा त्रास होता. त्या पिशव्या या रांगेतून त्या रांगेत द्यायच्या आणि परत घ्यायच्या, अशी तालीम चालली होती. शिट्टी वाजत होती. साहेबांचा पत्ता नव्हता. निघालेत, निघतायत, पोचतीलच, असं दर थोड्या वेळाने माइकवरून सांगत होते.

इकडे आमच्या मोरीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले. वरच्या मजल्यांवर सहकार्य सुरू झालं होतं. जाऊबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "मी एकदाच गेले गं, आणि थोडंसंच पाणी ओतलं." असं एकेकदा आणि थोडंसंच सगळी इमारत जाऊन आली होती, हे माझ्या मोरीवरून दिसत होतं. सूचना लिहिणाऱ्याने पाळली नाही, छापणाऱ्याने पाळली नाही, लिफ्टमध्ये चिकटवणाऱ्याने पाळली नाही. अख्ख्या इमारतीत ती एकाच माणसाने पाळली, आणि ते माणूस माझ्या आतल्या खोलीत ओठ मिटून पडलं होतं.

मोरीच्या दाराशी जुने टॉवेल गुंडाळून लावले आणि आत गेले. सासूबाईंच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. मी हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी त्यांना दिसत नव्हते.

"सुट्टे नाहीत," त्या म्हणाल्या. "पुढच्या खिडकीत जा."

"आई, मी आहे. धाकटी."

"पुढच्या खिडकीत. इथे गर्दी करू नका."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, चमच्याने पाणी घालत राहा आणि घेत नसतील तर लगेच घेऊन या, थांबू नका. मी चमचा ओठाला लावला. त्या डेपोत होत्या, मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं, पण दात घट्ट आवळलेले. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर म्हणाले, तुमच्या रस्त्यावर कसलातरी कार्यक्रम आहे, गाड्या आत सोडत नाहीत, बघतो.

तेवढ्यात बाहेर टाळ्या वाजल्या. साहेब आले होते.

मी पायात चपलाही न घालता बाहेर आले. साहेब रुमाल नाकाशी धरून बसले होते. भाऊजी माइकसमोर उभे होते आणि नदीशी असलेल्या त्यांच्या लहानपणापासूनच्या नात्याबद्दल बोलत होते. त्यांचं लहानपण डेपोच्या मागच्या चाळीत गेलं, तिथून नदी दिसतही नव्हती. मी स्टेजच्या कडेला जाऊन उभी राहिले आणि बोटाने खूण केली. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मी वर चढायला पाय उचलला तेव्हा ते माइकवर म्हणाले, "दोन मिनिटं, साहेब, एक छोटी कौटुंबिक अडचण आहे," आणि उतरले.

"काय हे? वेळ काय, काळ काय?"

"आई माणसं ओळखेना झाल्यात. तुम्ही म्हणालात तर पाणी पितील. एक वाक्य बोला आणि परत जा."

ते आले. मंडळाची फोटो काढणारी मुलगी त्यांच्या मागोमाग आली. भाऊजी पलंगाशी वाकले, हातमोज्यांसकट त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला. मुलीने मोबाइल वर धरला. भाऊजींनी तिला नको म्हटलं नाही.

"आई, पाणी घे बघू."

सासूबाईंनी डोळे उघडले. मला ओळखलं नव्हतं, त्याला लगेच ओळखलं. त्यांचा चेहरा उजळला, त्या अवस्थेतही. आणि त्यांनी विचारलं, "पाहुणे गेले का रे?"

मी त्यांच्या उशामागे उभी होते. भाऊजींकडे बघून मी मान हलवत होते. गेले म्हणा. नुसतं गेले म्हणा. या माणसाने टाइल्स विकताना दिवसाला शंभर वेळा खोटं सांगितलं असेल. पण पालिकेचे साहेब बाहेर बसलेले असताना ते गेले असं तोंडातून काढणं त्यांच्याच्याने झालं नाही. तेवढ्यापुरतासुद्धा त्यांना तो मान सोडवेना.

"नाही गं, आत्ताच आलेत," ते म्हणाले. "भाषणं व्हायचीत अजून."

"मग तू जा," सासूबाई म्हणाल्या. "लोकांचा खोळंबा नको. मी थांबते." आणि त्यांनी ओठ मिटले.

भाऊजींनी ग्लास माझ्या हातात दिला. "बघ, ती ठीक आहे," ते म्हणाले. "ओळखलं की मला. उगाच घाबरवतेस." आणि ते गेले. मुलगी त्यांच्या मागे गेली.

इतकी वर्षं मी त्या माणसाला हसत होते. तो किती पोकळ आहे ते मला ठाऊक होतं आणि त्यात मला एक मजा वाटायची. त्या क्षणी मजा संपली. मला त्याची किळस आली, आणि इतकी वर्षं फक्त हसत बसले म्हणून थोडी माझीही.

मी अंगणात गेले, भिंतीवर चढले आणि पलीकडे उडी मारली. बोळा म्हणजे जुनी गादी गुंडाळून पोत्यात कोंबलेली होती, आणि नंतर ओढून काढता यावी म्हणून प्लंबरने तिला दोर बांधून ठेवला होता. त्याचं टोक बॅनरखालून बाहेर आलं होतं. बॅनरची एक काठी माझ्या नवऱ्याच्या हातात होती.

"बाजूला हो," मी त्याला म्हटलं.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काठी सोडून दिली. मी दोर ओढला. बोळा हलेना. पाय रोवून पुन्हा ओढला. मग नवऱ्याने माझ्या हातांच्या मागे आपले हात घातले. माइकवर भाऊजी काहीतरी म्हणत होते आणि आम्ही दोघं ओढत होतो.

बोळा निघाला. सकाळपासूनचं सगळ्या इमारतीचं सहकार्य एकदम बाहेर आलं. आम्ही दोघं कडेला पडलो म्हणून वाचलो. ते काळ्या पिशव्यांवरून गेलं, पहिल्या रांगेच्या खुर्च्यांखालून गेलं आणि साहेबांच्या बुटांशी जरा रेंगाळून नदीकडे उतरलं. सर मंडळी वाट फुटेल तिकडे पळाली. साहेब खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

आभाळात औषधालाही ढग नव्हता. भाऊजींच्या हातात अजून माइक होता. त्यात ते म्हणाले, "हा पावसाळी पाइप आहे, साहेब."

साहेबांच्या माणसांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून गाडीपर्यंत नेलं. मी तोवर घरात पोचले होते, होते त्याच अवस्थेत. हात तेवढे धुतले. गाडीचं दार लागलं, गाडी निघाली, तो आवाज आत ऐकू आला.

"आई, पाहुणे गेले."

त्यांनी कान दिला. गाडी वळणावर जाईपर्यंत ऐकलं. मग तोंड उघडलं. मी चमच्याने पाजलं, मग ग्लासाने. अर्धं सांडलं, अर्धं पोटात गेलं. ॲम्ब्युलन्स आली तोवर त्यांनी मला ओळखलं होतं. दवाखान्यात पुष्कळ दिवस काढावे लागले, सलाइनच्या सुयांनी हात काळेनिळे झाले, एकदा तर डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर बोलावून नीट बसायला सांगितलं. पण त्या परत आल्या. त्या घरी आल्या त्या दिवशी मी मोरीत जाऊन, नळ सोडून, पोटभर रडले.

जाऊबाईंनी खाली येऊन त्यांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. कोणी बोळा काढला, कोणाच्या बुटांवर काय गेलं, भाऊजींना आता अध्यक्षपद सोडावं लागतंय की काय. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. सांगायचं असेल ते नवऱ्याला सांगतात, "तिला म्हणावं, उशी सरळ कर." मी उशी सरळ करते. मी धरून बसवते तेव्हा त्या माझ्या खांद्याचा आधार घेतात आणि भिंतीकडे बघतात. पाणी मात्र पितात. दर ग्लास शेवटच्या घोटापर्यंत, जणू तेवढ्याने माझं देणं फिटतं. मला वाईट वाटतं. मी काही दगडाची नाही. पण रंग बघते, रंग चांगला असतो, आणि पुढचा ग्लास भरते.

गेल्या रविवारी भाऊजी खाली आले. अध्यक्षपद गेलेलं नाही. पाइपाच्या चौकशीसाठी समिती नेमली आहे आणि समितीवर तेच आहेत. बरोबर सफरचंदं आणली होती. पलंगाशी बसले. आईला म्हणाले, त्या दिवशीचं लोक विसरले, आता नव्याने तारीख मिळते आहे, या वेळी साहेबांच्याही वरचे साहेब आहेत.

सासूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "या वेळी असं कर," त्या म्हणाल्या. "मला चार दिवस आधीच दवाखान्यात नेऊन ठेव. म्हणजे माझ्यापायी तुझा खोळंबा नको."

मी ग्लास भरत होते, ती थांबले. मला वाटलं, आता तरी. याला आता तरी काही वाटेल, हा निदान नाही म्हणेल.

भाऊजी हनुवटीला हात लावून थोडा वेळ विचार करत बसले. "हो आई, ते सोयीचं पडेल," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, मागच्या वेळी आई कुठल्या दवाखान्यात होती.